पाण्यात उरत नाही

४ फेब्रुवारी

थोरल्या साहेबांचे कपाट आज माझ्या वाट्याला आले. ते जाऊन चार महिने झाले, पण इतके दिवस त्याला कोणी हात लावला नव्हता. आता प्रयोगशाळेत नव्या मॅडम आल्या आहेत, त्यांना फायलींसाठी जागा हवी. मालक म्हणाले, "तुम्हीच आवरा. त्यांचं सगळं तुम्हालाच ठाऊक."

खरे आहे. बावीस वर्षे मी त्यांच्या हाताखाली काचेची भांडी धुतली, मापे घेतली आणि ते सांगतील ते लिहून काढले.

वरच्या कप्प्यात चष्म्याची तीन रिकामी घरे, खोकल्याच्या गोळ्यांचा डबा, एक तुटकी फूटपट्टी. अगदी खालच्या कप्प्यात, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक जाड काचेची बाटली. बुचावर मेण ओतलेले. चिठ्ठीवर साहेबांचे बारीक, तिरके अक्षर: "रेशीम. ओढ्याचे पाणी व तळाचा गाळ." तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची.

रेशीम म्हणजे आमच्या कारखान्यातले तेल. आम्ही तोंडाला आणि हाताला लावायची क्रीम बनवतो. त्यांचा मऊपणा कुठल्या बियांच्या तेलाचा नसतो. रसायनांपासून बनवलेले एक तेल पिंपांतून येते, पाण्यासारखे स्वच्छ, वास नाही, कधी खवट होत नाही. पिंपावर त्याचा लांबलचक नंबर असतो, पण तो कोण म्हणणार? बोटांवर चोळले की रेशमासारखे लागते, म्हणून सगळे रेशीमच म्हणतात.

चिठ्ठीच्या खालच्या बाजूला वेगवेगळ्या शाईंनी ओळी होत्या. "१ वर्ष. तेवढेच." "२ वर्षे. तेवढेच." अशा अठरा ओळी. शेवटच्या ओळीतले अक्षर थरथरलेले.

मी बाटली खिडकीपाशी धरली. तळाला काळा गाळ, मध्ये नितळ पाणी, आणि वर बोटभर जाडीचा तेलाचा थर. जणू कोणी आज सकाळीच ओतला आहे.

बाटली पिशवीत घातली आणि घरी आणली. कोणाला काही बोललो नाही.

५ फेब्रुवारी

हिने सकाळी पिशवी उपसली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पन्नाशीला टेकलात आणि आता बाटली?"

"अगं, ती ती बाटली नाही."

"सगळे असंच म्हणतात." मग तिने ती उजेडात धरली आणि तोंड वाकडे केले. "ई. यात तर चिखल आहे. यापेक्षा ती बरी होती."

हसलो, पण तिला सांगता आले नाही. इथे लिहितो.

एकोणीस वर्षांपूर्वी रेशीम नवे होते. ते पाण्यात गेल्यावर कुजते का, म्हणजे पाण्यातले जिवाणू ते खाऊन संपवतात का, याची चाचणी आमच्याकडे झाली. साहेबांनी करवून घेतली, हात माझे. अठ्ठाविसाव्या दिवशी पाणी तपासले तर तेल दिसेना. साहेब म्हणाले, "लिही, आढळले नाही." मग म्हणाले, "अहवाल तूच लिही आणि सहीही तूच कर. तुझं अक्षर मोत्यासारखं आहे. किती दिवस नुसती भांडी धुणार?"

माझा ऊर भरून आला. गावच्या शाळेत शिकलेला मी, माझी सही छापील कागदावर जाणार होती. "आढळले नाही" हे मला जरा ओबडधोबड वाटले. पोलिसांच्या कागदासारखे. म्हणून मी लिहिले, "अठ्ठावीस दिवसांनंतर तेल पाण्यात उरले नाही."

साहेबांनी वाचले. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचले. म्हणाले, "वाक्य चांगलं झालंय." आणि कागद पाकिटात घातला.

ते वाक्य पुढे डब्यांवर गेले. "पाण्यात उरत नाही." एकोणीस वर्षे प्रत्येक डब्यावर, हिरव्या पानाच्या चित्राखाली.

बिचाऱ्या साहेबांची नजर तेव्हापासूनच अधू झाली असावी. नाहीतर त्यांच्यासारख्या काटेकोर माणसाच्या हातून माझी चूक सुटली नसती.

८ फेब्रुवारी

मॅडमनी आज बोलावले. वय असेल तीस-बत्तीस. मला "काका" म्हणतात. पहिल्या दिवशी मनाला लागले होते, आता सवय झाली.

एक मोठा खरेदीदार डब्यावरच्या त्या ओळीचा ताजा पुरावा मागतो आहे. जुना अहवाल त्याला चालत नाही. म्हणून चाचणी पुन्हा होणार. मॅडमनी समजावले, आणि मला ते आवडले, कारण त्यांनी घाईत उरकले नाही. घट्ट बुचाच्या बाटल्यांत पाणी, शहराच्या सांडपाणी केंद्रातून आणलेला जिवंत गाळ आणि मोजून तेल घालायचे. जिवाणूंनी तेल खाल्ले तर ते श्वास घेतील, बाटलीतली हवा कमी होईल आणि बुचावरचा काटा ते दाखवेल. अठ्ठावीस दिवसांत शंभरातले साठ भाग खाल्ले गेले तर पास.

"म्हणजे काका, आपण तेल शोधायचंच नाही. खाणाऱ्यांचा श्वास मोजायचा."

"चाचणी करणार कोण म्हणून लिहायचं?" मी विचारले.

"तुम्हीच. तुमच्याइतका या भांड्यांना कोण ओळखतं?"

म्हणजे पुन्हा माझीच सही. मागे व्हरांड्यात कोणी दोनदा खोकले. साहेब आत येण्याआधी असेच दोनदा खोकायचे. मी वळून पाहिले. मॅडम म्हणाल्या, "पाइपात हवा धरते हो. मीपण पहिल्या दिवशी दचकले होते."

९ फेब्रुवारी

बाटल्या लावल्या. पाच. एकीत नुसता गाळ आणि पाणी, ती कोरी. एकीत जिवाणूंना हमखास आवडणारा एक क्षार, गाळ जिवंत आहे ना ते कळावे म्हणून. तिला मी खादाड म्हणतो. बाकी तिन्हींत रेशीम. अंधाऱ्या कपाटात, हलत्या फळीवर दिवसभर त्या डुलत असतात. दार लावले तरी काचेची किणकिण ऐकू येते.

आजचा पहिला दिवस.

१२ फेब्रुवारी

सकाळी आंघोळ करून देवापुढे डोळे मिटून बसलो. नाव घ्यायला लागलो. बऱ्याच वेळाने ध्यानात आले की ओठांवर दुसरेच शब्द आहेत. उरले नाही, उरले नाही. तोच ताल, तोच श्वास. जीभ चावली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पाच-सहा वेळा नाव आले, मग पुन्हा तेच.

डोळे उघडून उठलो. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते.

१६ फेब्रुवारी

खादाडचा काटा चांगलाच सरकला. कोरीचा थोडासा. तिन्ही रेशमांचे काटे कोरीच्या बरोबरीने. म्हणजे जिवाणू आपला जुना गाळच चघळत बसले आहेत, तेलाला तोंड लावलेले नाही.

चहाच्या सुट्टीत मेहुणा भेटला. हिचा धाकटा भाऊ. डबे भरण्याच्या लाइनवर असतो, आणि तिथे सगळ्यांना हसवायचा मक्ता त्याच्याकडे.

"काय भावोजी, तुमची बाळं काय म्हणतात? दूध पितात का?"

"अजून तोंड लावलं नाही."

"लावतील, लावतील. आमच्या धाकटीनेपण आठवडाभर रडवलं होतं." मग खालच्या आवाजात म्हणाला, "नापास झालं तर आमची लाइन बंद म्हणतात, खरं का? एकेचाळीस माणसं आहेत. शाळेत तुम्ही कधी कोणाला कॉपी करू दिली नसेल, ठाऊक आहे मला. आता पन्नाशीत एकदा द्या."

सगळे हसले. मीही हसलो. चहावर तेलकट तवंग दिसला. दुधाचाच असेल. प्यायलो नाही.

२१ फेब्रुवारी

मॅडमनी विचारले, "मागच्या वेळी तेल कसं तपासलं होतंत?"

सांगितले. चंबूत, उघड्यावर. अठ्ठाविसाव्या दिवशी लांब नळी मधोमध बुडवून पाणी ओढले आणि ते तपासले.

"मधोमध?"

"हो. वरचा फेस यायला नको, तळाचा गाळ यायला नको. साहेबांनी शिकवलेलं, स्वच्छ पाणीच घ्यायचं."

त्यांनी एक जुना चंबू घेतला, त्यात पाणी आणि तेलाचा एक थेंब टाकला, हलवला आणि सगळे पाणी ओतून दिले. चंबू रिकामा दिसत होता. मग त्यात तेल विरघळवणारे औषध घालून तो चारी बाजूंनी फिरवला, ते एका छोट्या काचेच्या वाटीत काढले आणि सुकू दिले. वाटीच्या तळाला तेलाचा थेंब. पुरा.

"काचेला चिकटून बसतं," त्या म्हणाल्या. "फेसात जातं, गाळात जातं. पाण्याच्या मधोमध ते कधी नसतंच, काका."

मी बाकावर बसलो. आम्ही चंबू उलटा केला, धुतला आणि फळीवर ठेवला. आणि तेल त्याच्या अंगाला चिकटून तिथेच.

"हे विष आहे का?" मी विचारले.

"नाही हो. तोंडाला लावा, काही होणार नाही. एवढंच, की हे कुणाच्या खाण्यातलं नाही. नाल्यातून जातं, कुठेतरी गाळात बसतं आणि बसूनच राहतं. आपण रोज थोडं आणखी पाठवतो."

घरी येताना याचाच विचार. पडलेले पान, मेलेला किडा, उद्या मीसुद्धा, सगळ्यांना माती ये म्हणते. कोणीतरी तोंड लावते आणि आपण कोणाचे तरी होतो. या तेलाला कोणीच ये म्हणत नाही. विष असते तर निदान कोणी त्याच्याशी भांडले असते. ज्याला सुटका नाही त्याला लोक भूत म्हणतात. तसे असेल तर मी एकोणीस वर्षे भुतांचे डबे भरायला मदत केली.

शाळेत गुरुजी पाटीवर अक्षर काढून घेत आणि म्हणत, "अक्षर म्हणजे जे झिजत नाही, संपत नाही ते. म्हणून जपून काढ." मी जपूनच काढले होते.

२३ फेब्रुवारी

तेल तिथेही बसले आहे का ते पाहायचे म्हणून मॅडमनी ओढ्याचा गाळ आणायला पाठवले. कारखान्याच्या मागच्या भिंतीपलीकडे, आमचा नळ जिथे सुटतो तिथून खाली शंभर पावले. नळातून येणारे पाणी नितळ असते, आम्ही ते गाळून सोडतो. तळ दिसतो, दगड दिसतात.

काठी तळाशी खुपसली. गाळ ढवळला आणि त्यातून गोल गोल डोळे वर आले. एक, मग दहा. पाण्यावर येऊन पसरले, चमकले. काठी काढून घेतली तरी येतच राहिले.

मी मागे सरकलो. मागे कोणी उभे आहे असे ठाम वाटले. वळलो नाही. वळलो असतो आणि कोणी नसते तर बरे वाटले असते. कोणी असते तर काय बोललो असतो? डबा भरून घेतला आणि भिंतीला हात लावत लावत परत आलो.

हात चार वेळा धुतले.

२७ फेब्रुवारी

साहेबांच्या घरी गेलो. वहिनींना आधी सांगावे असे वाटले, कारण माझी चूक बाहेर आली की साहेबांच्या नावालाही डाग लागेल.

वहिनी थकल्या आहेत. बसायला सांगितले, चहा केला. मी खाली मान घालून सगळे सांगितले. साहेबांनी सांगितलेला शब्द मी बदलला आणि त्यामुळे हे झाले. त्यांनी ऐकून घेतले. मग हातातला कप खाली ठेवला.

"तुमच्या कारखान्याचं क्रीम," त्या म्हणाल्या, "या घरात कधी आलं नाही. मी मागितलं होतं एकदोनदा. सगळ्यांच्या बायका लावतात म्हणून. म्हणायचे, आपल्याकडे नको ते."

मला साहेबांचे फार कौतुक वाटले. इतका मोठा माणूस, पण कारखान्याचा एक डबा फुकट घरी आणला नाही.

निघताना दारात म्हणाल्या, "शेवटच्या आजारात तुमचं नाव घेत होते. 'त्याला सांगायचं राहिलं' म्हणायचे. काय ते मी विचारलं नाही."

माझी चूक त्यांना कळली होती तर. मला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाहीत. दरवर्षी बाटली काढून पाहत होते, कदाचित कधीतरी तेल संपेल आणि माझा शब्द खरा ठरेल, या आशेने. माझ्यासाठी एवढे कोण करते?

वहिनींना नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही कशाला माफी मागता?" मोठ्या मनाच्या आहेत.

२ मार्च

घरात भांडण. मेहुणा जेवायला आला होता. कुणाकडून तरी त्याला कळले की काटे हलत नाहीत.

"लिहिणार काय तुम्ही?"

"जे दिसेल ते."

"दिसेल ते!" त्याने घास तसाच ठेवला. "तेव्हा नाही दिसलं, मग आत्ताच कसं दिसायला लागलं? तुम्हाला पुण्य लागेल, पण ते आमच्या ताटात कशाला वाढता?"

"दुसऱ्या तेलाचं क्रीम करता येतं. मॅडम म्हणत होत्या, बियांच्या तेलापासून बनवलेलं, जिवाणू दहा दिवसांत खातात ते..."

"जिवाणू जेवले म्हणजे आमचं पोट भरलं वाटतं!"

तो उठून गेला. जाताना मात्र नेहमीसारखे हिच्या डोक्यावर टपली मारून गेला, तेव्हा मला रडू यायचेच बाकी होते.

मग हिला सगळे सांगितले. बाटली, चिठ्ठी, शब्द. ती ताटे उचलता उचलता थांबली.

"साहेबांचा चष्मा काय नुसता पुसायलाच होता?"

"म्हणजे?"

"काही नाही."

"त्यांच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. त्यांनी मला माणसांत आणलं."

"बरं." ती आत गेली. भांड्यांचा आवाज आज फार मोठा होता.

९ मार्च

अठ्ठावीस दिवस पूर्ण. खादाड, शंभरातले अठ्ठ्याऐंशी. तिन्ही रेशीम मिळून सरासरी चार.

मॅडमनी तीन वेळा गणित केले. मीही केले. चार.

१० मार्च

मालकांनी बोलावले. माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत, पण त्यांनी कधी उभे ठेवले नाही. आजही खुर्ची दिली.

"मी तुम्हाला खोटं लिहा म्हणणार नाही. तुमच्यासारख्या देवमाणसाला कसं म्हणेन? मला एवढंच सांगा, बाटलीतलं मधलं पाणी तपासलं का?"

"तपासलं."

"त्यात तेल आढळलं?"

"नाही."

"झालं तर मग. तेवढंच लिहा. 'तेल पाण्यात आढळले नाही.' काट्याबिट्यांचं त्या खरेदीदाराला सविस्तर कशाला? तुम्ही लिहाल त्यातला एक शब्द खोटा नसेल."

ते टेबलावर बोट फिरवत होते.

"नाहीतर ती लाइन थांबवावी लागेल. आणि आधीचा अहवाल कोणी लिहिला, हे लोक विचारणार. तुमचंच नाव आहे त्यावर. मग प्रयोगशाळेत कसं ठेवू तुम्हाला? मागे गोदामात बघू काहीतरी. उद्यापर्यंत द्या."

बाहेर आलो तर पाय हलके झाल्यासारखे वाटले. आढळले नाही. हेच तर साहेबांचे शब्द. मी त्यांचे ऐकले असते तर हे काही घडलेच नसते. आता पुन्हा संधी आली आहे. त्यांनी सांगितले होते तसेच, अक्षरही इकडचे तिकडे न करता लिहायचे. लाइन चालू राहील, मेहुणा हसेल, साहेब कुठे असतील तिथे शांत होतील आणि कदाचित माझे नामस्मरणही मला परत मिळेल.

व्हरांड्यात खोकला आला. दोनदा. या वेळी मला भीती वाटली नाही. बोलावल्यासारखे वाटले.

घरी येऊन कोरा कागद घेतला आणि लिहिले, "तेल पाण्यात आढळले नाही." पाहत बसलो. एकही शब्द खोटा नाही. आणि वाचणारा माणूस यातून काय समजेल? जे मी तेव्हा लिहिले होते तेच.

म्हणजे मी शब्द बदलला म्हणून ते खोटे झाले नव्हते. साहेबांचा शब्द जसाच्या तसा लिहिला असता तरी तेल काचेलाच चिकटलेले होते. मग माझी चूक नेमकी कोणती? आज फार थकलो आहे. विचार पुढे जात नाही.

कागद फाडला.

११ मार्च

सकाळी बाटली पिशवीत घालून नेली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली. म्हटले, ही जोडा अहवालाला. साहेब शेवटपर्यंत तपासत होते, हे लोकांना कळायला हवे.

मॅडमनी चिठ्ठी वाचली. एकेका ओळीखालून बोट नेत, पहिल्या वर्षापासून अठराव्यापर्यंत. मग पुन्हा वरपासून. माझ्याकडे पाहिले.

मी अहवाल लिहिला तो असा: "मधल्या पाण्यात तेल आढळले नाही, कारण ते तेथे नसते. ते काचेला, गाळात आणि पाण्याच्या पृष्ठभागावर आहे. अठ्ठावीस दिवसांत शंभरातले चार भाग संपले, शहाण्णव उरले. सोबतच्या बाटलीत ते एकोणीस वर्षे उरले आहे. पूर्वीच्या अहवालात मी 'उरले नाही' असे लिहिले होते. आम्ही ज्या जागी शोधले, ती जागाच चूक होती."

जुना अहवाल जोडायचा म्हणून मॅडमनी मालकांच्या दप्तरातून तो मागवला. इतक्या वर्षांनी मी तो पाहिला. कागद पिवळा पडलेला. खाली "चाचणी करणार" यापुढे माझी सही. त्याच्याखाली "तपासणार", पुढे टिंबांची ओळ, आणि ओळीवर काही नाही.

मॅडमनी कागद उलटा करून मागे पाहिले. "इथे कोणाची सही हवी होती?"

"थोरल्या साहेबांची. राहून गेली असेल. त्यांना फार व्याप असायचे."

"हं," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझा नवा कागद आपल्याकडे ओढला, पेन उघडले आणि 'तपासणार'च्या जागी सही केली. खाली तारीख घातली.

"अहो मॅडम, आधी करणाऱ्याची लागते. मी अजून केली नाही."

"असू द्या. आज माझी आधी."

कागद माझ्याकडे सरकवला. मी पेन हातात घेतले आणि एकाएकी मला रडू कोसळले. का ते सांगता येणार नाही. लाइन बंद होणार म्हणून नाही, गोदामात जावे लागणार म्हणूनही नाही. ती खालची सही पाहिली आणि आवरलेच नाही. मॅडम पाणी आणते म्हणून बाहेर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. तोवर मी सही केली.

मालकांनी उभ्यानेच वाचला. दोनदा. म्हणाले, "सोमवारपासून गोदामात या." मी बरं म्हटले. लाइनच्या दारावरून येताना मेहुणा दिसला. त्याला कळले होते. त्याने हात वर केला नाही, तोंडही फिरवले नाही. नुसता पाहत राहिला.

घरी आल्यावर हिला सगळे सांगितले. ती समोर बसून ऐकत होती.

"म्हणजे यावेळी तुमच्याबरोबर मॅडमनीपण सही केली?"

"हो. माझ्याआधी."

"आणि तेव्हा?"

मी हात धुवायला उठलो. नळ सोडून तसाच उभा राहिलो. पाणी वाहत होते, हात अजून कोरडेच होते. तिने पुन्हा विचारले नाही.